स्वतःच्या वजनावर

गाडीचं पुढचं चाक गाडीला नेमकं कशाने जोडलेलं असतं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. स्टिअरिंग फिरवलं की चाक वळतं, एवढं आपल्याला पुरतं. मी पुण्यात मेकॅनिकल केलं, त्यामुळे मला उत्तर माहीत होतं, पण कागदावर. 'डबल विशबोन सस्पेन्शनची सुबक आकृती काढून कार्य स्पष्ट करा' हा आठ मार्कांचा प्रश्न असायचा. ती आकृती मी इतक्यांदा काढलीय की आजही डोळे मिटून काढेन. पदवी हातात पडायच्या आधीच आयटीतली नोकरी लागली होती. आमच्या वर्गातल्या बहुतेकांची तीच गोष्ट. चार वर्षं लोखंड शिकायचं आणि पाचव्या वर्षी जावा. त्या आकृतीतली वस्तू मी पहिल्यांदा हातात धरली ती अठ्ठाविसाव्या वर्षी, ॲरिझोनात, एका मित्राच्या गॅरेजमध्ये.

त्या वस्तूचं नाव अप्पर कंट्रोल आर्म. चाकाच्या मागे नकल नावाचा एक भक्कम लोखंडी तुकडा उभा असतो. चाकाचं बेअरिंग, ब्रेक, सगळं त्याच्यावर बसवलेलं. या नकलला दोन हात धरून ठेवतात, एक वरून आणि एक खालून. प्रत्येक हात साधारण इंग्रजी 'ए' अक्षरासारखा. त्याचे दोन पाय चासीच्या बाजूला रबरी बुशांमध्ये बसवलेले, त्यामुळे हात बिजागरीवरच्या फळीसारखा वरखाली हलतो. टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे आपल्या खांद्यासारखा उखळीचा सांधा, त्यामुळे चाक वरखाली होता होता डावीउजवीकडे वळूही शकतं.

खालचा हात जाडजूड, कारण स्प्रिंग त्याच्यावर उभी असते आणि गाडीचं वजन त्याच्यातून चाकात उतरतं. वरचा हात त्या मानाने सडपातळ. वजन पेलायचं काम त्याच्याकडे नाही. चाक किती ताठ उभं राहील, किती आत कलेल, किती मागे झुकेल, हे तो सांभाळतो. समोरून बघितलं तर चासी, दोन हात आणि नकल मिळून थिअरी ऑफ मशीन्समधली फोर-बार मेकॅनिझम होते. वरचा हात मुद्दाम आखूड ठेवतात, म्हणजे वळणावर गाडी एका बाजूला कलली की त्या बाजूचं चाक वरून किंचित आत झुकतं आणि टायर रस्त्याला सपाट टेकलेला राहतो.

विशबोन हे नाव कोंबडीच्या छातीजवळच्या बेचकीसारख्या हाडावरून आलंय. इकडे थँक्सगिव्हिंगला टर्कीचं ते हाड वाळवून दोघांनी दोन टोकं धरून ओढायची पद्धत आहे. ज्याच्या हातात मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पुरी होते म्हणे.

*

माझ्याकडे २०१३ची टोयोटा टॅकोमा आहे, सेकंड हँड. इथे पिकअपला सरळ ट्रकच म्हणतात. मी घरी फोनवर "ट्रक घेतला" म्हणून सांगितलं तेव्हा बाबांनी काळजीने विचारलं, "भाड्याने लावणार का?" गाडीच्या व्हीआयएनचा पहिला आकडा ३ आहे. ३ म्हणजे मेक्सिको. ही टिहुआनाच्या कारखान्यात जन्मली आणि सीमा ओलांडून इकडे आली. तिचे कागद माझ्यापेक्षा पक्के आहेत.

आधीच्या मालकाने ती पुढून तीन इंच उचलली होती आणि मोठे टायर घातले होते. कच्च्या रस्त्यावर जाणारे लोक हे करतातच. दगडांवरून जाताना पोट घासत नाही, आणि खरं सांगायचं तर गाडी रुबाबदार दिसते. पण त्याने फक्त स्प्रिंग आणि शॉक बदलले होते. वरचे हात कंपनीचेच होते, कमी उंचीसाठी बनवलेले.

त्याचा परिणाम मला रोज जाणवायचा. हायवेवर ७५ मैलांच्या वेगाला गाडी भटकायची. वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं तर ते आपणहून सरळ होत नसे, ओढून आणावं लागायचं. खड्ड्यात एखादं चाक पूर्ण खाली लोंबलं की 'ठक्' असा आवाज यायचा. तो वरचा हात स्प्रिंगला टेकल्याचा आवाज. अलाइनमेंट करून घेतली तेव्हा हातात पडलेल्या कागदावर कॅस्टरचे दोन्ही आकडे लाल होते. डावीकडे ०.९ अंश, उजवीकडे १.२.

कॅस्टर समजून घ्यायचा असेल तर सायकलचा पुढचा फोर्क बाजूने बघा. तो सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे झुकलेलं असतं. गाडीत फोर्क दिसत नाही, पण वरचा आणि खालचा बॉल जॉइंट जोडणारी एक काल्पनिक रेषा असते आणि चाक त्या रेषेभोवती वळतं. ही रेषा मागे झुकलेली असेल तर जमिनीपाशी ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे टायर आपल्या अक्षाच्या मागून ओढला जातो, आणि मागून ओढली जाणारी गोष्ट आपोआप सरळ होते. ऑफिसची खुर्ची ढकलली की तिची चाकं आपसूक त्या दिशेला वळतात, तेच इथे. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. हायवेवर तुम्ही दोन बोटांनी स्टिअरिंग धरून गाणी ऐकू शकता, ते बरंचसं या दोनचार अंशांमुळे.

गाडी उचलली की चासी वर जाते, पण चाक जमिनीवरच राहतं. हात खाली तिरके होतात. वरच्या आणि खालच्या हातांच्या बिजागऱ्या एकमेकींना नेमक्या समांतर नसतात, त्यामुळे या हालचालीत वरचा सांधा खालच्याच्या मानाने पुढे सरकतो. झुकाव कमी होतो. खालच्या हाताच्या बोल्टांवर कॅम असतात, ते फिरवून अलाइनमेंटवाला थोडंफार भरून काढू शकतो. माझ्या ट्रकचे कॅम फिरवून फिरवून टोकाला जाऊन बसले होते. उरलेला उपाय एकच, वरचे हात बदलायचे. नव्या हातांमध्ये बॉल जॉइंटची जागा मुळातच मागे घेतलेली असते, नळी स्प्रिंगपासून लांब वळवलेली असते आणि सांध्याचा कोन उचललेल्या गाडीला जुळणारा असतो. उंची वाढल्यामुळे जे गेलं, ते हा भाग परत आणतो.

बाजारात प्रकार दोन. एकात टोकाला उघडं गोलाकार बेअरिंग असतं, युनिबॉल. ते मोकळेपणाने जास्त कोनात वळतं, शर्यतीच्या गाड्यांना तेच लावतात, पण धूळ आत गेली की करकरतं आणि सतत पुसावं लागतं. दुसऱ्यात रबरी टोपीने बंद केलेला साधा बॉल जॉइंट. ॲरिझोनाची धूळ पिठासारखी बारीक आहे आणि मी दर रविवारी सांधे पुसत बसणारा माणूस नाही. मी बंद सांध्याचे, रबरी बुशवाले हात निवडले. जोडीला सातशे डॉलर.

*

सातशे डॉलर हा आकडा मी घरी सांगितला, आणि आईने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "उद्या परत यायची वेळ आली तर तो ट्रक काय डोक्यावर घेऊन येणारेस?"

तिचं चूक नव्हतं. मास्टर्सनंतर माझ्यासारख्यांना तीन वर्षं काम करायची मुभा मिळते. तेवढ्या काळात एच-वन-बीच्या लॉटरीत नाव लागावं लागतं. वर्षाला ६५,००० जागा, इथली मास्टर्स असलेल्यांसाठी आणखी २०,०००, आणि मागणारे त्याच्या कितीतरी पट. दोन मार्च महिने माझं नाव आलेलं नाही. तिसरा मार्च शेवटचा.

अशा माणसाचं घर कसं असतं ते सांगतो. गादी जमिनीवर. टेबल कुणीतरी देश सोडताना पन्नास डॉलरला दिलेलं. पुस्तकं खोक्यात. भिंतीत एकही खिळा नाही. प्रत्येक वस्तू घेताना पहिला प्रश्न, ही विकता येईल का? दुसरा प्रश्न, किती दिवसांत? 'एकदा व्हिसाचं कळू दे, मग बघू' हे वाक्य मी कपाटापासून लग्नापर्यंत सगळ्याला वापरलंय. ते वाक्य खोटंही नाही. पण असं वाक्य तीन वर्षं वापरलं की तो स्वभाव होतो.

आईला मी उत्तर दिलं ते असं, "विकायचा झाला तरी सरळ चालणारा विकावा ना." ती हसली. मग फोन बाबांकडे गेला.

बाबा औंधच्या आयटीआयमधले फिटर. भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले. बरीच वर्षं चासी असेंब्लीवर होते. मी मेकॅनिकल घेतलं तेव्हा त्यांनी कॉलनीत पेढे वाटले होते. आयटीत गेलो तेव्हाही वाटले, पण त्या वेळी कारखान्यात नेले नाहीत. यावर आम्ही कधी बोललो नाही. माझं काम काय आहे हे त्यांना नीट कळत नाही आणि त्यांचं काम काय होतं हे मी कधी नीट विचारलं नव्हतं. आमचे फोन 'जेवलास का' आणि 'थंडी आहे का' यांच्यामध्ये संपायचे.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "बुश रबरी की पॉलीचे?" आणि आम्ही पन्नास मिनिटं बोललो.

*

माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला बंदी आहे. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी मी गिल्बर्टला एका मित्राकडे गेलो. तो मूळचा वरंगळचा, माझ्याच टीममध्ये आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं उभा आहे, आणि त्याच्या अंगणातला कढीपत्ता त्याच्या उंचीएवढा झालाय. त्याच्याकडे गॅरेज आहे, दोन टनांचा जॅक आहे आणि चहा चांगला होतो.

ॲरिझोना घड्याळ पुढेमागे करत नाही, त्यामुळे इथला आणि भारतातला फरक वर्षभर साडेबारा तासांचाच राहतो. आमच्याकडे सकाळचे आठ, बाबांकडे रात्रीचे साडेआठ. त्यांनी लवकर जेवून घेतलं होतं, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला होता आणि चष्मा लावला होता. इकडे माझा फोन मित्राने टूलबॉक्सवर उभा केला.

"आधी घोडी," बाबा म्हणाले. जॅकस्टँडला ते घोडी म्हणतात. "जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालायचा नाही." चासीखाली दोन घोड्या लावल्या, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढची चाकं काढली. मग खालच्या हाताखाली जॅक. वरचा हात सुटला की नकल बाहेर कलंडतो आणि त्याचा भार ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर येतो. तो येऊ द्यायचा नाही.

चाक काढल्यावर ती आकृती समोर होती. आठ मार्कांची. फक्त तिच्यावर बारा वर्षांची धूळ होती आणि बाण दाखवून नावं लिहिलेली नव्हती.

बॉल जॉइंटच्या नटाला एक स्प्लिट पिन असते, ती काढली. "जुनी पिन परत लावायची नाही, दोन रुपयांची वस्तू आहे." नट ढिला केला. "पूर्ण काढू नको. दोन आटे राहू देत." का ते मला लगेच कळलं नाही. बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते आणि नकलच्या तशाच निमुळत्या भोकात गच्च रुतून बसलेली असते. ती सुटते तेव्हा हळूहळू सुटत नाही, उडते. ते दोन आटे तिला जागेवर धरतात.

"आता हातोडी. सांध्यावर मारायची नाही. नकलचं भोक आहे ना, त्याच्या बाजूला, लोखंडावर."

पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्याला नाही. बाबा तांब्याकडे वाकले. "घाबरतोयस. लोखंड आहे ते, लॅपटॉप नाही." चौथ्या घावाला 'टण्' असा आवाज झाला आणि सांधा सुटला. घावाने भोक क्षणभर किंचित लंबगोल होतं आणि पकड सुटते, एवढंच त्यामागचं शास्त्र. मित्राने टाळ्या वाजवल्या.

पुढची अडचण टॅकोमावाल्या सगळ्यांना ठाऊक असते. वरच्या हाताचे दोन्ही बुश एकाच लांब बोल्टवर बसतात. नट काढला, बोल्ट अर्ध्यापेक्षा जास्त बाहेर ओढला, आणि तो मडगार्डच्या आतल्या पत्र्याला जाऊन अडला. तो पत्रा वाकवल्याशिवाय बोल्ट निघतच नाही. मी म्हटलं, "एवढी मोठी कंपनी, आणि बोल्ट काढायला जागा ठेवली नाही?"

बाबांना हे एकदम कळलं. "जागा होती रे. लाइनवर आधी चासी येते. तिच्यावर आर्म, स्प्रिंग, इंजिन सगळं बसतं. तेव्हा वर काहीच नसतं, बोल्ट मोकळ्या हवेत सरळ आत जातो. मग पुढच्या स्टेशनला वरून बॉडी येते. आम्ही त्याला मॅरेज म्हणायचो. मॅरेज झाल्यावर तो बोल्ट बाहेर यायची गरज पडेल, असं लाइनवर कुणी धरत नाही."

आई मागून म्हणाली, "बघ, सगळ्यांचं मॅरेज होतं."

पत्रा पक्कडने वाकवला, बोल्ट निघाला, जुना हात खाली आला. हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा हलका. नवा हात बसवला. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत. वरचा सांधा नकलमध्ये, नट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला, नवी पिन. मी लांब बोल्टाच्या नटावर रेंच लावला, तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "थांब."

"तो आत्ता नाही आवळायचा. हाताने फिरेल तेवढाच ठेव. दोन्ही बाजू होऊ देत, चाकं लाव, गाडी खाली उतरव. थोडी पुढेमागे कर, दाबून बघ. तिला बसू दे. स्वतःच्या वजनावर उभी राहिली, की मग आवळ."

*

हे का, ते मी नंतर सावकाश समजून घेतलं, कारण हे कुठल्याही आठ मार्कांच्या उत्तरात नव्हतं.

रबरी बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या, एकीत एक, आणि मधे चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी हातात घट्ट बसलेली. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला घट्ट होते. आता हात वरखाली झाला की त्या सांध्यात काहीच सरकत नाही. फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, तो आवाज करत नाही. पण बोल्ट ज्या क्षणी आवळला, त्या क्षणी हात जिथे होता, ती रबराच्या दृष्टीने विश्रांतीची जागा ठरते. हात हवेत लोंबत असताना आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहील. उभ्या गाडीतही. रात्रभर पार्किंगमध्येही. आणि थोड्याच काळात फाटेल.

दोन्ही बाजू झाल्या. चाकं लावली. चाकांचे नट ८३ फूट-पाउंडांना. बाबा म्हणाले, "न्यूटन-मीटरमध्ये सांग." ११३. त्यांनी मान डोलावली. गाडी खाली उतरवली, ड्राइव्हवेवर दोनदा पुढेमागे केली, बंपरवर उभं राहून दाबली. मग चाक पूर्ण वळवून आत हात घातला आणि दोन्ही लांब बोल्ट टॉर्कला आवळले. रेंचचा 'क्लिक' बाबांना तिकडे ऐकू गेला.

"आता जुन्या आर्मचे बुश जवळून दाखव."

मी कॅमेरा जवळ नेला. रबर तडकलं होतं, पण सगळीकडून नाही. दोन्ही हातांचे बुश एकाच बाजूने फाटलेले.

बाबांनी फार वेळ घेतला नाही. "हे कंपनीने बरोबर आवळले होते. त्या वेळच्या उंचीला. नंतर गाडी वर उचलली, आणि त्या वेळी कुणी हे नट ढिले करून परत आवळले नाहीत. तेव्हापासून रबर पीळ खातंय."

बिघाड हातात नव्हता, रबरातही नव्हता. दोन्ही आपापल्या जागी चांगले होते. गाडीची उंची बदलली आणि जुन्या उंचीला आवळलेली गाठ तशीच ठेवली, एवढंच झालं होतं. ज्या दिवशी गाडी उचलली त्या दिवशी अर्ध्या तासाचं काम होतं: ढिलं करायचं, बसू द्यायचं, परत आवळायचं.

घरचे मला विचारतात, सेटल कधी होणार. मीही स्वतःला तेच विचारत आलोय, आणि उत्तर मार्चवर ढकलत आलोय. बाबा बोल्टबद्दलच बोलत होते, त्याला मी जबरदस्तीने आणखी अर्थ चिकटवणार नाही. पण त्यांच्या नियमात रस्ता पुढे कसा आहे, गाडी उद्या कुणाची असेल, याचा कुठे उल्लेख नाही. वजन आत्ता कुठे टेकलंय, एवढंच तो विचारतो. माझं वजन तीन वर्षं या गावात टेकलेलं आहे. मी वागतोय मात्र अजून घोडीवर असल्यासारखा.

*

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांच्या विरुद्ध जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. पुण्यात असतो तर तीन इंच उचललेली गाडी घ्यायच्या आधी दहादा विचार केला असता. ॲरिझोनात उलटं. फिनिक्सच्या परिसरात गाडीच्या धुराची तपासणी होते, पण ब्रेक, सांधे, बोल्ट यांची ठरावीक काळाने होणारी सरकारी तपासणी इथे नाही. मी बसवलेले हात कुणीही येऊन बघणार नाही. ७५ मैलांच्या वेगाला बॉल जॉइंट सुटला तर चाक आत किंवा बाहेर आडवं पडतं आणि शेजारच्या लेनमध्ये कुणाचं तरी कुटुंब असतं. माझ्या कोडला रिव्ह्यू असतो, टेस्ट असतात, चुकलं तर मागचं व्हर्जन परत आणता येतं. इथे माझ्या नंतर कुणीच नव्हतं. इंजिनिअर या शब्दाचं वजन मला नोकरीत कधी जाणवलं नव्हतं, ते त्या ड्राइव्हवेवर जाणवलं.

म्हणून बाबांची शेवटची सूचना मी अक्षरशः पाळली. प्रत्येक नटावर पांढऱ्या पेंट मार्करने एक रेघ, नटावरून सुरू होऊन शेजारच्या लोखंडावर संपणारी. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. "लाइनवर आम्ही प्रत्येक बोल्टला करायचो. आपल्याला आठवतं रे, पण पुढच्या शिफ्टच्या माणसाला कळायला हवं, की हा आवळलेला आहे."

तिथून हळूहळू चालवत अलाइनमेंटला. हे यंत्र कॅस्टर थेट मोजू शकत नाही, हे मला तिथे कळलं. चाकांवर परावर्तक लावतात, मग स्टिअरिंग आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ठरावीक अंश वळवतात. वळताना चाकाची उभी कल किती बदलली, त्यावरून संगणक झुकाव काढतो. न दिसणारी रेषा, तिच्यामुळे होणाऱ्या परिणामावरून. नवा कागद हातात आला. डावीकडे ३.४, उजवीकडे ३.६. दोन्ही हिरवे. मी फोटो पाठवला. भारतात रात्रीचे दोन वाजले होते, तरी निळ्या खुणा लगेच आल्या.

पुढच्या रविवारी मी हायवे ८७वरून आत वळणाऱ्या फोर पीक्सच्या कच्च्या रस्त्याला गेलो, फॉरेस्ट रोड १४३. टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली. त्या रस्त्यावर सिमेंटच्या पत्र्यासारख्या आडव्या लाटा आहेत. गाड्यांची चाकंच ठरावीक वेगाच्या वर गेली की त्या तयार करतात, आणि मग प्रत्येक येणारी गाडी त्या थोड्या थोड्या वाढवते. दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग, माणसांसारखे हात वर करून. एका कोरड्या ओढ्यात उजवं चाक पूर्ण खाली लोंबलं. मी खिडकी उघडून कान देऊन बसलो. ठक् झालं नाही. परत येताना हायवेला लागल्यावर एका वळणानंतर मी स्टिअरिंगवरची पकड सैल केली, आणि ते माझ्या तळव्यांखालून आपणहून सरळ झालं. हे सुख कसं असतं ते सांगणं कठीण आहे. गाडीने प्रतिसाद दिल्यासारखं काहीतरी.

पाचशे मैल झाल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक रेघ तपासली. सगळ्या अखंड. आता बाबांचा फोन आला की 'जेवलास का'नंतरचा प्रश्न 'रेघा बघितल्यास का' हा असतो, आणि त्यानंतर आम्ही बोलत राहतो. परवा त्यांनी बॉडी कशी खाली उतरायची, दोन बाजूंचे दोघं एकमेकांना हाताने कशी खूण करायचे, ते करून दाखवलं. एकतीस वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं.

मार्चला सहा आठवडे उरलेत. नाव नाही लागलं तर ट्रक विकावाच लागेल, आईचं म्हणणं अजूनही खरं आहे. घेणाऱ्याला मी अलाइनमेंटचे दोन्ही कागद देईन, लाल आणि हिरवा. गाडीखाली टॉर्च मारून त्या पांढऱ्या रेघा दाखवेन आणि सांगेन, हे आवळलेलं आहे, उभ्या गाडीवर. पुढे कधी हिची उंची बदललीस, तर आधी हे ढिले कर आणि मग परत आवळ.